वाईट वस्ती

माझे एक स्नेही गेल्या उन्हाळ्यांत एका सायंकाळीं आमच्या घरीं आले, ते हातांत एक घडी घातलेला कागद घेऊनच. त्यांच्या कन्येला शिकागो शहराच्या दक्षिण भागांतील एका विद्यापीठांत प्रवेश मिळाला होता, आणि घरांतल्या आनंदाला आतां चिंतेची किनार लागली होती. कागदावर अमेरिकेंतील मोठमोठ्या शहरांतल्या वस्त्यांची एक यादी होती. कोणती वस्ती सर्वांत धोक्याची, कोणती तिच्या खालोखाल, कोणती सर्वांत दरिद्री, असे परीक्षेच्या निकालासारखे क्रमांक लावलेले होते. स्नेह्यांनीं कांहीं नांवांखालीं तांबड्या पेन्सिलीनें रेघा ओढल्या होत्या.

"प्रोफेसर," ते म्हणाले, "तुम्ही तो देश पाहिलेला आहे. यांतल्या खरोखर वाईट वस्त्या कोणत्या, तेवढें सांगा. म्हणजे त्या बाजूला पाऊलसुद्धां टाकूं नकोस, असें हिला बजावून ठेवतों."

मुलगी शेजारींच बसली होती. ती म्हणाली, "पण काका, त्या वस्त्यांतही मुली राहतच असतील ना? त्यांचे वडील त्यांना काय बजावत असतील?"

मीं त्या वेळीं कांहीं तरी थट्टेवारी बोलून वेळ मारून नेली. परंतु तीस वर्षें वर्गांत नीतिशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला एका मुलीच्या प्रश्नापुढें थट्टेचा आश्रय घ्यावा लागला, ही गोष्ट मनाला लागून राहिली. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरानें दिलेलें उत्तर होय. तें पुरें आहे असा माझा दावा नाहीं.

आपल्या भाषेंतला 'वाईट' हा शब्द मोठा सोयीचा आहे. हवा वाईट, रस्ता वाईट, दिवस वाईट आणि माणूसही वाईट. हवा वाईट म्हणतांना आपण हवेवर दोषारोप करीत नाहीं. माणूस वाईट म्हणतांना मात्र करतों. 'वस्ती वाईट' म्हणतांना आपण यांपैकीं काय करतों? वस्ती दरिद्री आहे, ही एक स्थिति झाली. तेथें जिवाला धोका आहे, ही एक वस्तुस्थिति झाली. ती खरी कीं खोटी हें तपासून पाहतां येतें. तेथील लोक दुष्ट आहेत, हा मात्र न्यायनिवाडा झाला. पहिल्या दोहोंवरून तिसरें आपोआप सिद्ध होत नाहीं. तथापि जीभ एका शब्दावर पाय देऊन तिन्ही पायऱ्या चढून जाते, आणि आपण केव्हां वर पोहोंचलों हें मनाला कळतही नाहीं. माझ्या स्नेह्यांच्या यादींत दारिद्र्याचे व धोक्याचे रकाने शेजारीं शेजारीं होते. तिसरा रकाना छापलेला नव्हता, परंतु वाचणारा तो मनांतल्या मनांत भरीत असतो.

तेव्हां प्रथम या वस्त्यांची तुलनाच करून पाहूं. मात्र ती क्रमांकांची न करतां प्रकारांची करूं. अमेरिकेच्या शहरांचा इतिहास पाहिला तर या दुर्दैवी वस्त्यांचे निदान चार प्रकार दिसतात, आणि त्यांना मीं माझ्या सोयीसाठीं पायरी, कोंडवाडा, ओसाडी व अडगळ अशीं नांवें दिलीं आहेत.

पायरीचें उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कमधील फाइव्ह पॉइंट्स. एक तळें बुजवून केलेल्या ओलसर जमिनीवर ही वस्ती उभी राहिली. 1842 सालीं चार्ल्स डिकन्स अमेरिकेच्या प्रवासाला गेला असतां त्यानें ती पाहिली आणि तिच्यावर लिहिलें. त्यामुळें तिची अपकीर्ति साहित्यांतही अजरामर झाली. तेथें आयरिश दुष्काळांतून पळून आलेले लोक होते, स्वतंत्र झालेले कृष्णवर्णीय होते. पुढें इटालियन आणि चिनी आले. 1890 सालीं जेकब रीस नांवाच्या, स्वतः डेन्मार्कमधून आलेल्या वार्ताहरानें छायाचित्रांसह या भागांतील कोंदट चाळींचें भयानक वर्णन प्रसिद्ध केलें. त्या काळीं कोणीं यादी केली असती तर हीच वस्ती पहिली आली असती. आयरिश माणूस हा स्वभावतःच दारुडा आणि इटालियन हा स्वभावतःच सुरा चालविणारा, असें तेव्हां सभ्य लोक निःशंकपणें बोलत. आज तेथें एक उद्यान आणि आसपास न्यायमंदिरें आहेत. त्या आयरिश व इटालियन लोकांचीं नातवंडें न्यायाधीश, नगराध्यक्ष आणि प्राध्यापक झालीं. स्वभाव जर रक्तांत होता, तर तो दोन पिढ्यांत गेला कोठें? उत्तर सोपें आहे. ती वस्ती जिन्याची खालची पायरी होती, आणि जिना पुढें उघडा होता.

दुसरा प्रकार कोंडवाड्याचा. जनावर कोंडवाड्यांत स्वतः जात नाहीं आणि स्वतः बाहेरही पडूं शकत नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारापासून 1970 पर्यंत सुमारें साठ लक्ष कृष्णवर्णीय लोक दक्षिणेंतील संस्थानें सोडून उत्तरेकडील व पश्चिमेकडील शहरांत आले. तेही आयरिश लोकांप्रमाणेंच पोटासाठीं आले होते. परंतु शिकागोंत त्यांना दक्षिण भागांतील एका अरुंद पट्ट्याबाहेर घर मिळेना. 1919 च्या उन्हाळ्यांत सरोवरावर पोहणारा एक कृष्णवर्णीय मुलगा पाण्यांतील अलिखित रेषा ओलांडून गेला म्हणून त्याच्यावर दगडफेक झाली व तो बुडाला. त्यांतून उसळलेल्या दंगलींत 38 माणसें मेलीं. पुढें घराच्या खरेदीखतांतच, हें घर कृष्णवर्णीयाला विकूं नये, अशीं कलमें घालण्याची पद्धत पडली. 1948 सालीं सर्वोच्च न्यायालयानें, अशा कलमांची अंमलबजावणी न्यायालयें करणार नाहींत, असा निर्णय दिला. परंतु त्या वेळेपर्यंत भिंत विटांची राहिली नव्हती. ती मनांची आणि पेढ्यांची झाली होती.

या भिंतीला सरकारी शिक्का कसा मिळाला हें विशेष पाहण्यासारखें आहे. 1933 सालीं मंदीच्या काळांत घरमालकांचीं कर्जें वांचविण्यासाठीं अमेरिकन सरकारनें एक महामंडळ स्थापन केलें. त्या महामंडळानें पुढील कांहीं वर्षांत दोनशेंहून अधिक शहरांचे नकाशे तयार करविले. उत्तम वस्ती हिरव्या रंगाची, त्याखालची निळी, उतरती पिवळी आणि 'धोक्याची' तांबडी. जेथें कृष्णवर्णीय राहत तो भाग बहुधा तांबडाच रंगविला जाई, मग घरें कशीही असोत. 1934 सालीं स्थापन झालेल्या दुसऱ्या एका सरकारी खात्यानें घरकर्जांना हमी देण्यास आरंभ केला, आणि त्याचे नियमही याच विचाराचे होते. हे पूर्वग्रह या नकाशांनीं जन्माला घातले असें नव्हे. ते आधींपासून होतेच. परंतु ते आतां शास्त्राच्या पोषाखांत कचेरींत येऊन बसले. कर्ज नाहीं म्हणून दुरुस्ती नाहीं, दुरुस्ती नाहीं म्हणून किंमत नाहीं, किंमत नाहीं म्हणून कर्ज नाहीं. ज्या घराला आपण पाणी बंद केलें, त्याच घराची बाग सुकली म्हणून मालकाला आळशी म्हणावें, तसा हा प्रकार झाला. भाडें व विक्री यांतील असा भेदभाव देशभर बेकायदा ठरण्यास 1968 साल उजाडावें लागलें.

या कोंडवाड्याची उंचीही पुढें वाढविण्यांत आली. शिकागोच्या गृहनिर्माण मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष रॉबर्ट टेलर यांचें म्हणणें असें होतें कीं, गरिबांसाठीं सरकारी घरें शहरभर विखुरलेलीं असावीं. नगरपालिकेनें गोऱ्यांच्या भागांत जागा देण्याचें नाकारलें तेव्हां त्यांनीं 1950 सालीं राजीनामा दिला. नंतर 1962 सालीं दक्षिण भागांत एकाच रांगेंत 28 इमारती, प्रत्येक सोळा मजल्यांची, पुऱ्या झाल्या. ज्या गोष्टीला त्यांनीं विरोध केला, तिलाच त्यांचें नांव देण्यांत आलें! 2007 पर्यंत त्या सर्व इमारती पाडून टाकाव्या लागल्या. पश्चिम भागांतील नॉर्थ लॉनडेल ही वस्तीही अशीच. 1966 सालीं मार्टिन लूथर किंग यांनीं मुद्दाम तेथें एक मोडकी जागा भाड्यानें घेऊन बिऱ्हाड केलें. त्यांच्या खुनानंतर 1968 च्या एप्रिलमध्यें दंगली झाल्या, दुकानें जळलीं. कारखानेही एकामागून एक निघून गेले. 1960 सालीं सव्वा लाखाच्या आसपास असलेली तेथील लोकसंख्या 2020 सालीं पस्तीस हजारांच्या आसपास उरली.

तिसरा प्रकार ओसाडीचा. डेट्रॉइट शहराची लोकसंख्या 1950 सालीं साडेअठरा लाख होती. 2020 सालीं ती सुमारें 6 लाख 39 हजार भरली, आणि मध्यंतरीं 2013 सालीं त्या शहरानें दिवाळें जाहीर केलें. मोटारींचे कारखाने हलले, पैसेवाले उपनगरांत गेले आणि मागें राहिलीं तीं रिकामीं घरें. ज्या रस्त्यावर वीस घरांपैकीं पांचांतच दिवा लागतो, तेथें दारिद्र्य आणि धोका हे दोन्ही पाहुणे न बोलावतां येतात. फिलाडेल्फियांतील केन्सिंग्टन या भागाची कथा थोडीफार अशीच. एके काळीं तेथें कापडाच्या व गालिच्यांच्या गिरण्या होत्या व गोऱ्या कामकऱ्यांचीं दाट बिऱ्हाडें होतीं. गिरण्या बंद पडल्या आणि पुढें अफूपासून व तत्सम द्रव्यांपासून बनलेल्या मादक पदार्थांनीं तेथें ठाण मांडलें. दुर्गति ही एकाच वर्णाच्या कपाळीं लिहिलेली आहे, असें ज्यांना वाटतें, त्यांनीं केन्सिंग्टनचा इतिहास वाचावा.

चौथा प्रकार अडगळीचा. लॉस एंजेलिसच्या मध्यभागाला लागून स्किड रो नांवाची सुमारें पन्नास चौकांची वस्ती आहे. तेथील पदपथांवर बेघर लोक तंबू ठोकून राहतात. 1970 नंतरच्या दशकांत शहराच्या चालकांनीं ठरवूनच अन्नछत्रें, निवारे व दवाखाने या एका भागांत एकवटले. हेतु हा कीं, निराधारांनीं तेथेंच राहावें आणि इतरत्र फिरकूं नये. घरांत पाहुणे यावयाचे झाले म्हणजे आपण मोडक्या वस्तु एका खोलींत लोटतों आणि दार ओढून घेतों. ती खोली अस्ताव्यस्त आहे हा त्या खोलीचा दोष कसा म्हणावा? ती अस्ताव्यस्त आहे म्हणून तर बाकीचें घर नीटनेटकें दिसतें.

आतां पुन्हां त्या यादीकडे पाहा. पायरी, कोंडवाडा, ओसाडी आणि अडगळ या चारही गोष्टी तिच्यांत एका रांगेंत, एकाच मापानें मोजलेल्या सांपडतात. यादी खोटी नसेल. तरी ती फळाचा आकडा सांगते आणि झाडाविषयीं मौन पाळते. शिवाय ती असें भासविते कीं, हा क्रमांक म्हणजे त्या जागेचा स्वभाव आहे. न्यूयॉर्कमधील साउथ ब्रॉंक्स या भागानें हें म्हणणें खोटें पाडलें आहे. 1970 नंतरच्या दशकांत तेथें इमारतीच्या इमारती जळत होत्या. 5 ऑक्टोबर 1977 रोजीं राष्ट्राध्यक्ष कार्टर शार्लट स्ट्रीटवर उतरले, तेव्हां त्यांच्याभोंवतीं बाँबफेक झालेल्या नगरासारखे ढिगारे होते. परंतु कांहीं रहिवाशांनीं जागा सोडली नाहीं. त्यांनीं स्वतः इमारती दुरुस्त केल्या, मंडळ्या काढल्या, सरकारशीं भांडून पैसा आणला. आणि पुढील दहा वर्षांत त्याच शार्लट स्ट्रीटवर अंगण असलेलीं सुमारें नव्वद टुमदार घरें उभीं राहिलीं. सबंध न्यूयॉर्क शहरांत 1990 सालीं 2,200 हून अधिक खून झाले होते. 2017 सालीं ते 300 च्या खालीं आले. जमीन तीच, रस्ते तेच. मग बदललें काय, याचा विचार यादी करीत नाहीं.

येथें माझे स्नेही मला अडवतील, आणि त्यांनीं अडविलेंच पाहिजे. ते म्हणतील, "इतिहास ठीक आहे, पण बंदुकीची गोळी इतिहास विचारून येत नाहीं." हें खरें आहे. शिकागोंत 2021 सालीं 800 च्या आसपास खून झाले. हा आकडा कोणत्याही करुणेनें पुसला जात नाहीं. धोकाच नाहीं असें सांगणारा सुधारक मला त्या यादीकारापेक्षां अधिक निर्दय वाटतो, कारण त्या धोक्याची खरी किंमत मोजतात ते त्याच वस्तींतले लोक. मेलेल्यांत परगांवच्या प्रवाशांची संख्या अत्यल्प असते. मरतात ते तेथलेच तरुण, आणि रडतात त्या तेथल्याच आया. 2019 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीप्रमाणें शिकागोंतील सरोवरकांठच्या स्ट्रीटरव्हिल या श्रीमंत भागांत माणसाचें सरासरी आयुर्मान सुमारें 90 वर्षें, तर कांहीं कोसांवरील एंगलवुड या भागांत सुमारें 60 वर्षें आढळलें. एकाच नगरपालिकेच्या हद्दींत तीस वर्षांचा फरक! यांत बंदुकीचा भाग आहेच. परंतु त्याहून मोठा भाग हृद्रोगाचा, मधुमेहाचा, बालमृत्यूचा आणि न मिळालेल्या डॉक्टरचा आहे. यादी ज्याला धोका म्हणते, तो या मोठ्या धोक्याचा केवळ आवाज करणारा अंश होय.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सारा दोष जर परिस्थितीचा, तर गुन्हेगार निर्दोषच ठरला कीं काय? मला तसें वाटत नाहीं. परिस्थिति हें कारण असूं शकतें. तें क्षमापत्र नव्हे. चाप ओढणारें बोट नकाशाचें नसतें. परंतु ज्याला हें तत्त्व मान्य असेल त्यानें तें पुरतें मान्य करावें. त्याच जिन्यावर, त्याच कोंडींत, त्याच अर्धपोटीं राहून ज्या हजारोंनीं चाप ओढला नाहीं, ज्यांनीं पहाटे दोन बस बदलून दुसऱ्याच्या घरचीं फरशी पुसण्याचीं कामें केलीं आणि मुलांना शाळेंत धाडलें, त्यांचें श्रेयही मग परिस्थितीचें नसून त्यांचें स्वतःचें आहे. बाहेरच्या चांगल्या वस्तींत सज्जन राहणें फारसें कठीण नाहीं; माझें सारें आयुष्य त्यांतच गेलें आहे, आणि त्याबद्दल मला बक्षीस मागण्याचा अधिकार नाहीं. जें तत्त्व गुन्हेगाराला दोषी ठरवतें, तेंच त्याच्या शेजाऱ्याला तुमच्या-माझ्याहून वरचें स्थान देतें. यादी मात्र दोघांनाही एकच क्रमांक देते.

मग यांत अपराधी कोण? मला अस्वस्थ करणारी गोष्ट ही कीं, या भिंती बांधण्यांत राक्षस फार थोडे होते. पेढीवरचा कारकून आपल्या ठेवीदारांच्या पैशाची काळजी घेत होता. विमेवाला जोखीम मोजीत होता. घर घेणारा बाप आपल्या मुलांसाठीं चांगली शाळा शोधीत होता. त्या देशांत शाळेच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक घरपट्टींतून निघतो. म्हणून महागड्या घरांच्या वस्तींत शाळाही चांगली, आणि शाळा चांगली म्हणून घर आणखी महाग. शहाणपणाचीं अशीं लक्षावधि लहान कृत्यें एकत्र झालीं आणि त्यांची एक प्रचंड अनीति झाली, जिच्यावर कोणाचीच सही नाहीं. न्यू जर्सींत किंवा शिकागोच्या उपनगरांत घर घेणारे आपले मराठी बांधवही हाच हिशेब करतात, आणि मी त्यांच्या जागीं असतों तर मींही केला असता. त्यांना पापी म्हणण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु आपला शहाणपणा निरपराध आहे, एवढी समजूत तरी आपण सोडून द्यावी.

शिवाय या विषयांत आपल्यापैकीं कोणाला तटस्थ पाहुणा म्हणून बसतां येणार नाहीं. जोतीराव फुले यांनीं 1873 सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक, दास्यविमोचनाचें कार्य करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांना अर्पण केलें. 1913 ते 1916 या काळांत बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकले, तें स्थान हार्लेमला लागूनच आहे. 1946 सालीं त्यांनीं, ज्यांनीं फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डांत राहून, घरोघर हिंडून, 1899 सालीं तेथील कृष्णवर्णीयांच्या स्थितीवरील पहिला शास्त्रशुद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला, त्या डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखांतील साम्याकडे लक्ष वेधलें. 1972 सालीं मुंबईंतील तरुणांनीं आपल्या संघटनेला 'दलित पँथर' हें नांव दिलें, तें ओकलंडच्या पँथरांवरूनच. गांवकुसाबाहेर माणसें ठेवावयाचीं, त्यांना विहीर नाकारावयाची आणि मग तीं अस्वच्छ आहेत म्हणून नाक मुरडावयाचें, ही विद्या आपणांस परदेशाकडून शिकावी लागली नाहीं. म्हणूनच आपला माणूस अमेरिकेंत उतरतांच, डॉलर मोजावयास शिकण्याच्याही आधीं, तेथला पूर्वग्रह इतक्या सहज आपलासा करतो, असें मला वाटूं लागलें आहे.

हें मी दुसऱ्यावरून सांगत नाहीं. बारा वर्षांपूर्वीं मी माझ्या भाच्याकडे शिकागोला गेलों होतों. एके दिवशीं दक्षिण भागांतील विद्यापीठ पाहण्यासाठीं आगगाडीनें निघालों आणि गारफील्ड नांवाच्या स्टेशनावर उतरून बसची वाट पाहूं लागलों. तिन्हीसांजेची वेळ होती. भाच्यानें हातीं बरेच इशारे दिले होते. थोड्या वेळानें हातांत बाजाराच्या पिशव्या घेतलेली एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई जवळ येऊन उभी राहिली. मीं खांद्यावरची पिशवी एका बाजूची दुसऱ्या बाजूला घेतली, तिच्यापासून दूर. तिनें तें पाहिलें. कांहीं न बोलतां ती तशीच उभी राहिली. मग, कोठें जायचें आहे, म्हणून विचारलें आणि बस उशिरा येईल असें सांगितलें. वीस एक मिनिटांनीं बस आली. मी चढलों, ती चढली नाहीं. खिडकींतून पाहिलें तेव्हां ती रस्ता ओलांडून समोरच्या घराच्या पायऱ्या चढत होती. ती बससाठीं उभीच नव्हती. अनोळखी गांवांत एकटा गोंधळलेला म्हातारपणाकडे झुकलेला माणूस दिसला, म्हणून ती घराच्या दारापासून परत फिरून माझ्या सोबतीला उभी राहिली होती. मीं तिचे आभारही मानले नव्हते.

या आठवणीवरून मी एवढेंच शिकलों. सावधगिरी आणि तिरस्कार हीं दोन बाहेरून सारखीं दिसतात. परंतु तीं ओळखण्याची एक खूण आहे. सावधगिरी तपशील विचारते: कोणता रस्ता, कोणती वेळ, कोणती टोळी, कारण त्या वस्त्यांतही रक्तपात बहुधा थोड्या रस्त्यांवर आणि थोड्याच तरुणांच्या आपसांतील वैरांतून होतो. तिरस्काराला तपशील नको असतो; त्याला सबंध वस्तीचें नांव पुरतें. दुसरी खूण याहून पक्की आहे. जी सावधगिरी तेथील रहिवासी स्वतः बाळगतो, तीच आपण बाळगावी, आणि ती त्याच्यासह बाळगावी, त्याच्याविरुद्ध नव्हे. त्या म्हाताऱ्या बाईलाही तिन्हीसांजेची भीति होतीच. म्हणून तर ती उभी राहिली. तिची भीति तिला परक्याजवळ घेऊन आली. माझी भीति मला तिच्यापासून दूर घेऊन गेली.

राहतां राहिला प्रश्न कर्तव्याचा. अशा वस्तींतून माणसांना बाहेर काढावें कीं ती वस्ती सुधारावी? 1994 पासून अमेरिकन सरकारनें पांच शहरांत कांहीं हजार गरीब कुटुंबांवर याचा प्रयोग करून पाहिला. कांहींना, चिठ्ठ्या टाकून, कमी दारिद्र्याच्या भागांत घर घेण्यास साहाय्य दिलें. जीं मुलें तेरा वर्षांचीं होण्यापूर्वीं अशीं बाहेर पडलीं, त्यांची तरुणपणची कमाई मागें राहिलेल्यांपेक्षां सुमारें तीस टक्क्यांनीं अधिक आढळली. जीं उशिरा गेलीं त्यांना तसा लाभ झाला नाहीं. म्हणजे जागेचा संस्कार खरा आहे, आणि तो लहानपणींच होतो. ज्याला बाहेर पडावयाचें त्याला दार उघडें असणें हा न्यायच आहे. परंतु चिठ्ठी न निघालेल्या मुलाला आपण काय सांगणार? शार्लट स्ट्रीटच्या रहिवाशांनीं दिलेलें उत्तर असें कीं, तेंच घर दुरुस्त करूं. मला वाटतें, समाजाला या दोहोंतून एक निवडण्याची मुभा नाहीं. दोन्ही करावीं लागतात, आणि दोहोंना पैसा लागतो. तो ज्यांच्या हातीं आहे ते लोक ती यादी वाचून आपलें घर भलतीकडे घेतात.

मीं स्नेह्यांना शेवटीं पत्र लिहिलें, तें साधेंच होतें. कन्येला खुशाल जाऊं द्या. रात्रीं एकटी हिंडूं नये, कोणता रस्ता टाळावा हें तेथेंच राहणाऱ्यांना विचारावें, आणि विचारतांना आपण त्यांच्या घराविषयीं विचारीत आहों हें लक्षांत ठेवावें. त्या वस्त्यांतील बाप आपल्या मुलींना काय बजावतात, असें तिनें विचारलें होतें. ते अक्षरशः हेंच बजावतात. अंतर इतकेंच कीं, तुमच्या मुलीला शिक्षण संपतांच तेथून निघून येतां येईल.

स्नेह्यांचें उत्तर आलें. पत्र पटलें, पण रात्रीं झोंप लागत नाहीं, असें त्यांनीं लिहिलें आहे. बापाची झोंप एका प्रोफेसराच्या निबंधानें परत येईल अशी माझीही अपेक्षा नाहीं. मात्र ती यादी त्यांनीं कन्येच्या सामानांत घातली नाहीं, एवढें त्यांनीं मुद्दाम कळविलें आहे.